बघू

मराठीच्या प्राध्यापकाने सांगावे असे हे नाही. पण आपल्या भाषेतला तुमचा सर्वांत आवडता शब्द कोणता असे कोणी विचारले, तर मी प्रामाणिकपणे ‘बघू’ असेच उत्तर देईन. दोनच अक्षरे, पण त्यांत केवढी सोय आहे! ‘हो’ म्हटले की काम अंगावर येते. ‘नाही’ म्हटले की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि तो पडलेला चेहरा आपल्यालाच पाहावा लागतो. ‘बघू’ म्हणणाऱ्याला यांतले काहीच करावे लागत नाही. फार काय, ‘बघू’ म्हणणारा मनुष्य सहसा काही बघतसुद्धा नाही. चिरंजीवांना नवी सायकल हवी असते, बघू. सौभाग्यवतींना दिवाळीआधी घराला रंग लावून घ्यायचा असतो, बघू. महाविद्यालयाच्या वार्षिकाला लेख हवा असतो, बघू. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील निदान वीस वर्षे मी या एका शब्दाच्या छत्रीखाली कोरडा राहिलो आहे.

ही छत्री एका पावसाळी संध्याकाळी वरसाव्याला उलटी झाली. त्याची ही हकीकत.

वरसावे म्हणजे अंधेरीजवळचे वेसावे नव्हे. इंग्रजी पाट्यांवर दोन्ही गावे पुष्कळदा एकाच स्पेलिंगने नांदतात, त्यामुळे एकाच्या पाहुण्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहावे असे प्रसंग येतात. अंधेरीचे वेसावे समुद्रावरचे. हे वरसावे मिरा-भाईंदरच्या हद्दीतले, घोडबंदरच्या शेजारचे. मुंबईहून निघालेला अहमदाबादचा महामार्ग आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता येथे एकमेकांना भेटतात आणि पुढे दोघे मिळून वसईच्या खाडीवरच्या पुलावर चढतात. पुलापाशी वाहनांची कोंडी हा तेथला नित्यनेम. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पुलाशेजारी नवा पूल खुला झाला आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. वाहनांनीही टाकला, आणि मग ती आणखी मोठ्या संख्येने येऊ लागली.

त्या दिवशी मी ठाण्याहून वसईला व्याख्यानासाठी निघालो होतो. विषय माझ्या हातखंड्याचा होता : महदंबेचे धवळे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची ही गीते रचली. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून माझ्या या व्याख्यानाला मागणी वाढली आहे, आणि आता मी ते डोळे मिटून देऊ शकतो. श्रोतेही ते पुष्कळदा डोळे मिटूनच ऐकतात. पण सातशे वर्षे तरून आलेली महदंबा त्या संध्याकाळी वरसाव्याच्या कोंडीत अडकली. दीड तास बस जागची हलेना. वर पाऊस, खाली भोंगे. शेवटी संयोजकांनी फोन करून व्याख्यान पुढे ढकलल्याचे कळवले, आणि परतीचे काही वाहन मिळते का ते पाहायला मी खाली उतरलो.

“सर!”

छत्रीखालून एक तरुण धावत आला आणि भर रस्त्यात वाकून पाया पडला. मी त्याला ओळखले. दहा वर्षांपूर्वी तो बारावीच्या विज्ञान शाखेत माझ्या मराठीच्या तासाला बसत असे. त्याला पाहताच मला एक गोष्ट आठवली. ती काय ते पुढे सांगतोच. पण ती आठवताच माझे पाऊल मागे पडले, एवढे येथेच कबूल करून टाकतो.

“घर इथंच आहे, सर. कोंडी सुटेपर्यंत चहा घेऊ या.”

नाही म्हणायला कारण सापडेना, आणि ‘बघू’ म्हणायला वेळ नव्हता. मी त्याच्या मागून चालू लागलो.

डोंगराच्या बाजूला आत गेलेली गल्ली, पुढे पत्र्याची पडवी असलेले बैठे घर. पडवीतल्या खाटेवर त्याची आजी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आतल्या खोलीत खिडकीशी टेबल आणि त्यावर उघडा संगणक. त्याच्या आईने आत चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला.

“सध्या काय चाललंय?” मी विचारले. मास्तर लोकांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर ऐकण्याची सक्ती नसते.

“नोकरी आहेच, सर. पण मोकळ्या वेळात एक छोटीशी लायब्ररी लिहिलीय.”

लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कपाटे, कसर आणि देवघेव विभागातल्या बाई उभ्या राहिल्या. लायब्ररी बांधतात, चालवतात, कधी कधी पेटवूनही देतात. पण लिहितात हे मी प्रथमच ऐकत होतो. तो हसला. त्यांच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे एकाने लिहून ठेवलेला मजकूर. दुसऱ्याने तो उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा. “पाटा-वरवंट्यासारखं, सर. एकाने टाकी लावून ठेवायचा, साऱ्या आळीने वाटण वाटायचं.” शिवाय ही ‘ओपन सोर्स’, म्हणजे आतला मजकूर कोणीही वाचावा, न्यावा, बदलावा. पैसे नाहीत.

“म्हणजे आपल्या पोथ्यांसारखं,” मी म्हणालो.

“तसंच. फक्त इथं पाठभेद कोणी केला, कधी केला, याची नोंद राहते.”

मला एकनाथांची आठवण झाली. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा अशी नोंदवही त्यांच्या हाताशी असती तर त्यांचे किती श्रम वाचले असते! हे मी त्याला सांगितले. मास्तरला मध्येच असे काही सांगता आले की बरे वाटते.

“आणि तुझी लायब्ररी करते काय?”

“वचन देते, सर.”

वाचकहो, येथून पुढे मी जे सांगणार आहे ते मला त्या चहाच्या कपाबरोबर कळले तेवढेच आहे. पण ते तुम्हांलाही कळेल, कारण त्यात यंत्रापेक्षा माणूसच जास्त आहे.

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थाने १९९५ साली दहा दिवसांत तयार केली. ती चलाख आहे. पण तिला हात एकच. एका वेळी एकच काम. आता दूरच्या यंत्राकडून काही माहिती मागवायची झाली, तर ती येईपर्यंत हात जोडून थांबता येत नाही; थांबली तर सारा पडदाच गोठून बसेल. म्हणून ती काम सोपवते आणि पुढच्या कामाला लागते. “आई बघा,” तो म्हणाला, “आधण ठेवून त्याच्यापुढं उभी राहिलेली नाही. तोवर तिनं भाजी निवडायला घेतली.” आलटून पालटून, न थांबता चाललेल्या या कामाला ते लोक असिंक्रोनस म्हणतात. आमच्या घरी हे रोज सकाळी साडेसहा वाजता चालते. त्याला काही नाव असेल अशी आम्हांला कल्पना नव्हती.

प्रश्न एवढाच, की सोपवलेले काम पुरे झाल्याचे कळायचे कसे? पूर्वीची रीत अशी की ‘झाले की हाक मार’ असे सांगून ठेवायचे. पण पहिली हाक आली की दुसरे काम सोपवायचे, त्याच्या हाकेत तिसरे, तिसऱ्याच्या पोटात चौथे. ओळी उजवीकडे सरकत सरकत कागदावर डोंगराची उतरण दिसू लागे. प्रोग्रॅमर मंडळींनी याला ‘कॉलबॅकचा नरक’ असे नाव दिले होते. त्यावर उपाय म्हणजे प्रॉमिस, वचन.

“बँकेत पूर्वी पितळी बिल्ला द्यायचे, तुम्ही पाहिला असेल,” तो म्हणाला. मी पाहिला होता. वडिलांबरोबर बँकेत गेलो की तो बिल्ला सांभाळणे हे माझे काम असे. चेक आत गेलेला असतो, पैसे अजून आलेले नसतात, हातात बिल्ला असतो. बिल्ला म्हणजे पैसे नव्हेत. पण पैसे यायचे असतील तर या बिल्ल्यालाच येतील. प्रॉमिस म्हणजे असा बिल्ला : अजून न आलेल्या उत्तराची राखून ठेवलेली जागा. तो हातात घेऊन मनुष्य पुढचे बेत करू शकतो. पैसे आले की मग किराणा, मग मुलाची फी, मग उरले तर एखादे पातळ. हे ‘मग’ प्रोग्रॅममध्येही असतात. वचनाला एक ‘मग’ जोडायचा, त्याला दुसरा, त्याला तिसरा. डोंगराची उतरण जाऊन सरळ माळ होते.

ही कल्पना काही कालची नव्हे. १९७६ साली फ्रीडमन आणि वाइज या दोघा अमेरिकन संशोधकांनी ‘प्रॉमिस’ हा शब्द या अर्थाने वापरला. पुढच्याच वर्षी बेकर आणि हेविट यांनी अशाच गोष्टीला ‘फ्यूचर’ म्हटले. १९८८ मध्ये बार्बरा लिस्कोव आणि ल्युबा श्रीरा यांनी दूर दूरच्या यंत्रांमधील कामांसाठी तिची नीट मांडणी केली. जावास्क्रिप्टमध्ये ती प्रथम लहान-मोठ्या लायब्रऱ्यांतून आली, आणि २०१५ साली भाषेच्या व्याकरणातच दाखल झाली.

आपला वारसा हातातून निसटतो आहे असे वाटून मी म्हणालो, “अरे, हुंडी म्हणजे दुसरं काय होतं? दर्शनी हुंडी दाखवली की पैसे. मुदती हुंडी ठरलेले दिवस भरले की. आणि दशरथानं कैकेयीला दोन वर देऊन ठेवले होते, ते कधी मागायचे ते तिच्यावर सोडून. त्याहून मोठं लांबवलेलं वचन कोणतं?”

“बरोबर, सर. आणि त्याला मुदत घातली नव्हती, म्हणून रामायण झालं.”

मुलगा हुशार होता. मी चहाचा घोट घेतला.

“माझी लायब्ररी तेवढंच करते,” तो म्हणाला. “मुदत घालते.”

मग त्याने संगणकावर ती दाखवली. सारी मिळून साठ ओळी. प्रत्येक वचनाला दोन टोके असतात, त्याने समजावले. एक टोक वाट पाहणाऱ्याच्या हातात. त्याला फक्त ‘मग’ जोडता येतात, बाकी काही करता येत नाही. दुसरे टोक वचन देणाऱ्याच्या हातात. त्याला दोनच गोष्टी करता येतात : वचन पुरे करणे किंवा नाकारणे. ही दोन्ही टोके वेगवेगळी हाती देणाऱ्या जोडीला ‘डिफर्ड’ म्हणतात. २०१५ मध्ये भाषेत वचन आले, पण ही जोडी जशीच्या तशी आली नाही. तशी सोय २०२४ च्या आवृत्तीत मिळाली. मधल्या काळात ती गरज अशा छोट्या लायब्रऱ्यांनी भागवली. त्याने आपल्या साठ ओळींत दोन गोष्टींची भर घातली होती. प्रत्येक वचनाला मुदत. ती संपली की वचन आपोआप नाकारले जाते. आणि थकबाकीची यादी : कोणती वचने अजून लटकलेली आहेत ते कधीही विचारावे.

“साठ ओळींचं एवढं काय कौतुक?” मी म्हणालो. आमच्या धंद्यात साठ पानांच्या आतल्या गोष्टीला पुस्तक म्हणत नाहीत.

त्यावर त्याने एक हकीकत सांगितली. एखादी वस्तू वचन आहे की नाही, एवढेच ओळखणारी काही ओळींची एक लायब्ररी आहे. २५ एप्रिल २०२० रोजी, सारे जग टाळेबंदीत घरात बसलेले असताना, तिच्या नव्या आवृत्तीच्या बांधणीत एक लहानशी चूक राहिली. तिच्यावर मोठमोठी अवजारे उभी होती, त्या अवजारांवर आणखी हजारो लोकांची कामे. त्या चिमुकल्या गोष्टीबरोबर जगभर कामे अडली. काही तासांत दुरुस्ती झाली. पण आपल्या एका ओळीवर किती लोक टेकून उभे असतात हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, हे सर्वांना कळले.

“हिला अजून नाव नाही, सर. एखादं मराठी नाव सुचवा ना.”

“बघू,” मी म्हणालो.

सवय, दुसरे काय!

“आणि वचन मोडलं तर?” मी विषय पुढे नेला.

“मोडलं तर फारसं बिघडत नाही.”

हे उत्तर मला अनपेक्षित होते. हरिश्चंद्राच्या देशात असे कोणी बोलत नाही. त्याने बोटे पुढे करून समजावले. वचनाच्या तीनच अवस्था. पहिली, प्रलंबित. दुसरी, पुरे झालेले. तिसरी, नाकारलेले. प्रलंबिताचे एकदा दुसरे किंवा तिसरे झाले की विषय संपला. मग ते बदलत नाही, पुन्हा कितीही खटपट करा. “नकार आला तर तो झेलायची सोय असते. झेलला, की पुढचे ‘मग’ वेगळ्या वाटेनं चालू होतात. कोणी झेललाच नाही, तर यंत्र स्वतःच ओरडून सांगतं. सर्व्हरवर चालणाऱ्या नोडमध्ये तर २०२० पासून न झेललेल्या नकारानं सारा प्रोग्रॅमच बंद पडतो. म्हणजे नकार कोणाच्या नजरेतून सुटत नाही.”

“मग भीती कशाची?”

“प्रलंबिताची,” तो म्हणाला. “पुरं नाही, नाकारलेलं नाही, नुसतं लटकलेलं. त्याची चूक कुठं दिसत नाही, सर. यंत्र ओरडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. सगळं ठीक चाललंय असंच वाटतं. फक्त त्याच्यामागचे सगळे ‘मग’ गप्प उभे राहतात, आणि ते उभे आहेत हेसुद्धा कोणाला कळत नाही.”

तो हे अगदी सरळ मनाने सांगत होता. तिरकेपणा त्याच्या स्वभावात नाही. पण माझा चहा निवला.

आता ती मघाशी मागे ठेवलेली गोष्ट.

चार वर्षांपूर्वी हाच मुलगा माझ्या घरी एक जाड वही घेऊन आला होता. त्याची आजी धवलारीण. आगरी समाजाच्या लग्नांत हळदीपासून विधींची गाणी, धवले, म्हणणारी बाई. तिला लिहिता-वाचता येत नाही, सारे तोंडपाठ. याने दोन वर्षे बसून तिचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि एकेक गाणे वहीत उतरवले. “तुम्ही वर्गात महदंबेचे धवळे सांगितलेत ना, सर,” तो तेव्हा म्हणाला होता, “त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, अरे, आमची आजी म्हणते त्यालाही हेच नाव आहे.” प्राध्यापकाच्या आयुष्यात असे वाक्य फार वेळा कानी पडत नाही. एका मुद्रकाने तीनशे प्रती छापून द्यायचे मान्य केले होते. हव्या होत्या फक्त दोन गोष्टी : माझी प्रस्तावना, आणि वहीत पेन्सिलीने गोल केलेल्या काही शब्दांचे अर्थ.

मी म्हणालो, “बघू.”

आणि त्या रात्री मी खरोखरच बघितले होते. पहिल्याच गाण्यात गोल केलेले तीन शब्द होते. तिन्ही मला येत नव्हते. मोल्सवर्थ काढला, दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड काढले. सापडले नाहीत. दुसरे गाणे, तिसरे गाणे, तीच गत. सातशे वर्षांपूर्वीचे धवळे डोळे मिटून सांगणाऱ्या मला ठाण्या-वसईच्या मांडवात आजही म्हटले जाणारे धवले समजत नव्हते. हे ‘मला येत नाही’ अशा साध्या शब्दांत कळवायला एक पोस्टकार्ड पुरले असते. पण मास्तरला सर्वांत जड जाणारे तीन शब्द तेच आहेत. मी वही कपाटात ठेवली. दोन दिवाळ्यांना त्याचा फोन आला. दोन्ही वेळा मी ‘बघतोय’ म्हणालो. नंतर त्याने विचारणे सोडले. तो रागावला असे नव्हे. सरांना त्रास नको, म्हणून.

प्रस्तावना आली की मग मुद्रिते तपासायची. मग छपाई. मग बांधणी. मग पुस्तक आजीच्या हातात. केवढी मोठी माळ माझ्या एका शब्दाला लटकून चार वर्षे गप्प उभी होती! कोणी ओरडले नाही. लाल अक्षरे आली नाहीत. मी व्याख्याने देत राहिलो.

पडवीत खाट करकरली. आजी जागी झाली होती.

“कोन आयलंय रं?”

“माझे सर आलेत, आजी. मराठीचे.”

थोडा वेळ शांतता. मग तिने विचारले, “पुस्तक आयलं का?”

आणि माझ्या आधी तोच बोलला. अगदी समजुतीच्या आवाजात बोलला : “येईल गं. सर बघतायत.”

वाचकहो, कोणी तोंडावर चार शब्द सुनावले असते तर मी ते सोसले असते; कदाचित उत्तरही दिले असते. पण माझाच शब्द इतक्या विश्वासाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे मला सोसवेना.

“मी बघत नाहीये,” मी म्हणालो. “ते शब्द मला येत नाहीत. पहिल्या दिवसापासून येत नव्हते. आणि जे मला कळत नाही त्याला मी प्रस्तावना लिहू शकत नाही. माझं ‘नाही’ असं समज.”

माझ्या अंगाला घाम आला होता. समोरचा चेहरा पडलेला पाहावा लागणार, म्हणून मी कपाकडे पाहत राहिलो. पण चेहरा पडला नव्हता. तो थोडा गोंधळला, आणि मग जे म्हणाला ते मी विसरणार नाही.

“एवढंच होतं, सर? मग ते शब्द मी तेव्हाच आजीला विचारले असते.”

एवढेच होते. अर्थ जाणणारी बाई एका भिंतीपलीकडे बसलेली होती. तिला विचारायचे त्याला सुचले नाही, कारण कॉलेजच्या सरांना अधिक येत असणार अशी त्याची श्रद्धा. आणि ती श्रद्धा मोडायचे मला सुचले नाही, कारण ती मला गोड वाटत होती.

वही माझ्या कपाटात होती. पण गोल केलेल्या शब्दांची यादी त्याच्या संगणकात होती. एकतीस शब्द. आम्ही दोघे पडवीत जाऊन आजीच्या खाटेशी बसलो. गेल्या वर्षीच्या आजारानंतर तिला आठवायला त्रास होतो, हे मला तेव्हा कळले. गाणे सुरू करून दिले की ती धारेने पुढे म्हणे. पण मध्येच थांबवून एखादा शब्द विचारला की तो तिच्या हातून निसटे. काही शब्द तिने झटकन सांगितले. काहींसाठी हात हलवून दाखवले : असे धरायचे, असे ओवाळायचे. काहींपाशी ती डोळे मिटून बराच वेळ बसली आणि म्हणाली, “व्हता म्हाईत. आता नाय आठवत.”

रात्री नऊपर्यंत एकोणीस शब्दांचे अर्थ मिळाले. बारा राहिले. तिच्या बरोबरीने गाणारी दुसरी धवलारीण दोन वर्षांपूर्वी गेली होती. म्हणजे ते बारा शब्द आता कोणाकडेच नाहीत. चार वर्षांपूर्वी एकतीसच्या एकतीस आले असते की नाही, हे सिद्ध करता येणार नाही. पण मला ते ठाऊक आहे. पुरे झालेले आणि नाकारलेले वचन पुन्हा बदलत नाही असे तो म्हणाला होता. प्रलंबित वचनाखालीही काही गोष्टी कायमच्या ठरून जातात, एवढे मी त्यात माझ्या अनुभवाने घालतो.

तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. कोंडी सुटली होती. पुलावरून दिव्यांची रांग हलत होती.

“तुझ्या लायब्ररीचं नाव,” मी म्हणालो. “‘मग’.”

“मग काय, सर?”

“काय नाही. नावच ते. ‘मग’.”

तो क्षणभर पाहत राहिला आणि मग मोठ्याने हसला. माझी बस आली.

दुसऱ्याच दिवशी मी वही त्याच्याकडे पोहोचवली. पुस्तक दसऱ्याच्या आधी छापून आले. त्याला प्रस्तावना नाही. जेथे ती यायची तेथे आजीचे चार पानांचे निवेदन आहे : हे धवले तिला कोणी शिकवले, पहिल्या लग्नात तिला किती भीती वाटली, कोणत्या गाण्याला नवरीची आई हमखास रडते. ती बोलली तसे त्याने उतरवून घेतले. माझ्या हातून याहून चांगली प्रस्तावना झाली नसती. मागच्या शब्दसूचीत एकोणीस शब्दांपुढे अर्थ आहेत. बारांपुढे कोरी जागा. ती जागा भरून काढू नये, तशीच ठेवावी, असे मीच सुचवले. मी पुस्तक पाहायला गेलो तेव्हा आजीने ते मशेरीच्या डबीशेजारी उशाशी ठेवले होते. मला पाहून तिने त्यावर हात फिरवला. बोलली काही नाही.

वसईचे ते व्याख्यान नंतर झाले. महदंबेवर बोलून झाल्यावर मी पुस्तक वर धरून दाखवले आणि त्यातले मला काय काय कळत नाही ते सांगितले. माझ्या आठवणीत प्रथमच मागच्या रांगेतली मंडळी डोळे उघडे ठेवून ऐकत होती.

घरी मात्र वरसाव्याची हकीकत सांगून मी चूक केली. आता मी ‘बघू’ म्हणालो की चिरंजीव विचारतात, “मुदत किती?” घराच्या रंगाला मी ‘हो’ म्हणून बसलो आहे, आणि हे लिहीत असताना माझ्या टेबलावर चुन्याचे थेंब पडत आहेत. सायकलीला मात्र सरळ ‘नाही’ म्हणालो. यंदा जमणार नाही, असे कारणही सांगितले. त्याचा चेहरा पडला. मी तो पुरता पाहिला. तो काही न बोलता आत गेला.

दहा मिनिटांनी दारात पुन्हा उभा.

“मग बाबा, निदान जुनीला नवे टायर तरी?”